बावीस डबे आणि कानाचं मशीन

माझ्या स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर स्टीलचे बावीस डबे आहेत. म्हणजे होते. आता साडेएकवीस आहेत. अर्धा डबा कसा काय कमी होतो ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर तुम्ही इथेच उठून जाल.

हे डबे मी विकत आणलेले नाहीत. कुठला बारशाचा, कुठला हळदीकुंकवाच्या वाणाचा, कुठला लग्नाच्या आहेराचा. प्रत्येकावर नाव आणि तारीख टकटक करून घातलेली. चारकोपला आमच्या सेक्टरमध्ये राहायला आलो तेव्हा मालक, म्हणजे आमचे हे, गिरणीतून सुटलेले होते आणि घरात पलंग नव्हता, पण डबे होते. त्यामुळे या इमारतीत माझी ओळख झाली ती डब्यांतून. कुणाकडे उसळ पाठव, कुणाकडे घावणे पाठव. आणि डबा परत येताना रिकामा यायचा नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतात.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. नात तेव्हा नववीत. एका गुरुवारी ती शाळेतून तासभर आधीच घरी आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि काहीच मागितलं नाही. माझी नात शाळेतून येऊन खायला मागत नाही म्हणजे ताप तरी असतो, नाहीतर गणिताचा पेपर.

मी म्हटलं, "काय गो, काय झाला तुका?"

"काही नाही."

"मग शाळा लवकर कशी सुटली?"

ती रडायलाच लागली. "आजी, आम्ही सोडली."

शाळा सोडली म्हणजे काय, मला कळेना. मग हळूहळू बाहेर आलं.

तिच्या शाळेत एक शिपाईकाका आहेत. जालन्याकडचे. फाटक उघडणं, घंटा देणं, वर्गावर्गात रजिस्टर फिरवणं, बाईंना चहा आणून देणं, सगळं तेच. शाळेत त्यांना इतकी वर्षं झाली आहेत की आताच्या काही मुलांच्या आयांनाही त्यांनीच उशिरा आल्याबद्दल फाटकाबाहेर उभं केलेलं आहे. अलीकडे काकांना ऐकू येईनासं झालं. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही आणि शाळेनेही कधी विचारलं नाही. शाळेने आपली सोय करून घेतली. सगळे त्यांच्याशी हातांनी बोलायला लागले. तळहातावर मूठ आपटली की घंटा द्या. बोट हवेत गोल फिरवलं की रजिस्टर आणा. दोन बोटं ओठांना लावली की चहा. मुख्याध्यापक बाईसुद्धा व्हरांड्यातून अशा खुणा करायच्या. नवीन माणसाला वाटावं, बाई नाच शिकवतायत.

या खुणा मुलांना पाठ. आणि मुलं ती मुलं. त्या गुरुवारी गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावरच्या चौघांनी खिडकीतून, मैदानात उभ्या असलेल्या काकांकडे बघून, तळहातावर मूठ आपटली. काकांना वाटलं, आज शाळा लवकर सोडायचा ऑफिसातून निरोप असेल. त्यांनी मान डोलावली आणि शाळा सुटल्याची लांब घंटा दिली.

अख्खी शाळा बाहेर. आणि फाटकात नेमके संस्थेचे सेक्रेटरी गाडीतून उतरत होते. त्यांचा एक पाय गाडीत, एक पाय रस्त्यावर आणि मधून मुलांचा लोंढा चाललाय. त्यांच्या हातातली फाइल म्हणे थेट रिक्षा स्टँडपर्यंत गेली.

"त्या चौघांत तू होतीस?" मी विचारलं.

ती दप्तराची चेन उघडबंद करायला लागली. म्हणजे होती.

मला हसू आलेलं, खोटं कशाला सांगू. पण पुढचं ऐकलं आणि ते विरलं. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की ज्याला ऐकू येत नाही तो माणूस फाटकावर नको. विजेची घंटा बसवा, एजन्सीचा वॉचमन ठेवा. काका संस्थेच्या पगारावरचे, त्यांना साठ पूर्ण व्हायला दीड वर्ष बाकी. साठ झाल्यावर संस्था काहीतरी हातावर ठेवणार होती. आधीच घरी बसवलं तर तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी हे चौघं मुख्याध्यापक बाईंकडे गेले आणि खरं काय ते सांगून आले. चौघं म्हणजे माझी नात, तिची एक मैत्रीण आणि दोन मुलगे. ही मैत्रीण मूळची वर्सोव्याची, कोळ्यांची. तिने गच्चीवरून हाक मारली तर मढच्या होडीतला माणूस वळून बघेल असा आवाज. बाईंनी ऐकून घेतलं, भरपूर झापलं आणि मग म्हणाल्या, "तुम्ही खरं बोललात ते चांगलं केलंत. पण त्याने काकांचे कान बरे होत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेपर्यंत मी सेक्रेटरींना थांबवलंय. तोवर काकांना ऐकू यायला लागलं तर ते राहतील. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

म्हणून मुलांनी ठरवलं, काकांना कानाचं मशीन घेऊन द्यायचं. दुकानात जाऊन किंमत विचारून आली. एका कानाच्या साध्या मशीनची ती किंमत ऐकून मी म्हटलं, दुसऱ्या कानाने तसंही काय ऐकायचंय.

बाईंनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. पेटी हलवत दारोदार फिरायचं नाही. आईबाबांच्या खिशातून आणून पैसे भरायचे नाहीत. काहीतरी बनवा, मेहनत करा, विका. आणि प्लास्टिक वापरायचं नाही, शाळेच्या पर्यावरण मंडळाची पाटी लागलेली आहे. काकांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही ठरलं. ते सगळ्यात सोपं होतं. मुलं काकांच्या शेजारी उभी राहून ओरडून ओरडून चर्चा करायची.

आता काय बनवायचं? नात माझ्याकडे बघून गोड हसली. माझी नात तशी हसली की मी आधी गॅसचा सिलिंडर किती शिल्लक आहे ते बघते.

रविवारी सकाळी मालवणी वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, असं ठरलं. नातीने इमारतीच्या ग्रुपवर सुंदर पत्रक टाकलं. वरती फोटो, खाली किंमत, कशासाठी ते, "ज्यांना हवं त्यांनी अंगठा दाखवावा". बघता बघता बावीस अंगठे आले. मुलं नाचायला लागली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या ग्रुपवर कुणाची आजी वारली तरी आधी चार अंगठे येतात, मग लोक वाचतात.

रविवारी पहाटे मुलं हजर. वाटाणे मी रात्रीच भिजत घातलेले. मैत्रिणीने नारळ खवला. मुलग्यांना वडे थापायला बसवलं तर एकाचा वडा दर वेळी महाराष्ट्राच्या नकाशासारखा, कोकणपट्टी लांब सुटलेली. मी म्हटलं, "मेल्या, तेलात गेल्यावर तुझं रत्नागिरी जळतंय बघ." पण वडे फुगले. उसळीचा वास जिन्यात गेला. सातव्या मजल्यापर्यंत गेला असेल.

आणि मग भरायचं कशात, हा प्रश्न. प्लास्टिक नको, कागदी पुडीत उसळ राहत नाही. मी वर बघितलं. फळीवर बावीस डबे. बावीस अंगठे, बावीस डबे. मला वाटलं, देवानेच हिशेब करून ठेवलाय. मी स्वतःच्या हाताने ते डबे खाली काढले. डब्यात खाली उसळ, वर केळीच्या पानाच्या तुकड्यावर वडे. झाकणावर माझं नाव चकचकीत.

मुलं डबे घेऊन गेली. अर्ध्या तासाने परत आली. हात रिकामे.

"पैसे?" मी विचारलं.

चौघांनी रिकामे हात पाठीमागे घेतले.

नात म्हणाली, "समोरच्या काकूंनी दार उघडलं. मी म्हटलं, आजीने दिलंय. त्या म्हणाल्या, अगं बाई, कशाला त्रास घेतला त्यांनी! आणि डबा घेऊन आत गेल्या."

"मग तू मागायचेस ना!"

"कसे मागू? तूच शिकवलंयस, डबा देताना 'आजीने दिलंय' म्हणायचं आणि लगेच निघायचं. दारात घुटमळायचं नाही."

हे मात्र खरं होतं. तिसऱ्या वर्षापासून शिकवलंय मी तिला.

मी मैत्रिणीकडे वळले. "आणि तू गो? तुझ्या गळ्याला काय झालेलं?"

"आजी, आईशप्पथ, मी तोंड उघडलेलं. पण त्या आजींनी माझ्या तोंडात खडीसाखर घातली. मग कसं बोलणार?"

एका मुलग्याला तर चौथ्या मजल्यावर बसवून सरबत पाजलं होतं. दुसरा म्हणाला, "मी सरळ बोललो, काकी पैसे. तर त्या हसल्या, म्हणाल्या, आजी कधीपासून पैसे घ्यायला लागल्या रे? चावट कुठला! आणि गालगुच्चा घेतला." त्याचा गाल खरंच लाल होता.

बावीसपैकी पैसे दिले एका घराने. सहाव्या मजल्यावर नवीन आलेलं जोडपं, दोघंही लॅपटॉपवर काम करतात. त्यांनी मोबाइलवरून लगेच पैसे पाठवले आणि संध्याकाळी डबा घासून पुसून आणून दिला. रिकामा. आता बघा, बिचाऱ्यांनी पूर्ण किंमत मोजली होती, सगळ्यांत शहाण्यासारखे तेच वागले होते. तरी तो रिकामा डबा हातात घेताना माझ्या मनात आलं, काय माणसं आहेत!

आणि मग सोमवारपासून बाकीचे एकवीस डबे परत यायला लागले.

पहिल्यात बेसनाचे लाडू. दुसऱ्यात ढोकळा. तिसऱ्यात कारल्याची भाजी, ती नातीने बघूनच झाकली. मग सुकटाची चटणी, पुरणपोळ्या, शेंगोळे, थालीपीठ, मेथीचे लाडू, पुन्हा बेसनाचे लाडू. एका डब्यात नुसती साखर, कुणाकडची ते सांगत नाही. प्रत्येक जण दारात उभा राहून सांगायचा, "उसळ काय झकास झालेली हो!" मंगळवारपर्यंत माझ्या फ्रिजचं दार लागेना. तीन दिवस घरात चूल पेटली नाही. मुलगा ऑफिसातून आला की विचारायचा, "आज कोणाकडचं जेवायचंय?"

आणि मशीनसाठी जमलेले पैसे म्हणजे त्या सहाव्या मजल्याचे.

बुधवारी संध्याकाळी चौघं माझ्या हॉलमध्ये लाडू खात, तोंडं पाडून बसलेली. नात म्हणाली, "आजी, तुझ्या डब्यांनी वाट लावली. साध्या खोक्यात दिलं असतं ना, तर लोकांनी पैसे दिले असते."

मला राग आला, पण ती बरोबर होती. माझं नाव घातलेला डबा दारात गेला की तो विकतचा राहतच नाही. कुणाची चूक म्हणावी? मी डबे काढले, तिने माझं शिकवलेलं म्हटलं, त्यांनी त्यांचं शिकवलेलं केलं. सगळे अगदी शहाण्यासारखे वागलो आणि काकांची नोकरी होती तिथेच लटकत राहिली. आणि काका? ते त्याच दिवशी फाटकात नातीला अडवून म्हणाले होते, "तोंड का उतरलंय गं पोरी? पैसेबिसे हरवले का?"

मी उठले आणि समोरचं दार वाजवलं. समोरची साताऱ्याकडची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण आवाजाने मोठी. मी तिला सगळं सांगितलं.

ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे ते विकत होतं?"

"होय गं."

"अन् मी फुकट खाल्लं?"

"फुकट कुठे, लाडू दिलेस की."

"वहिनी, तुम्ही मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत!" असं म्हणून ती आत गेली आणि पैसे घेऊन आली. मी हात मागे घेतला. ती पुढे करते, मी मागे घेते. ती माझ्या पदरात खोचते, मी काढून तिच्या चपलांच्या कपाटावर ठेवते. ज्या पैशांसाठी मी तिच्या दारात गेले होते ते पैसे मलाच घेता येईनात! नात माझ्या मागे उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, "तुम्ही दोघी असंच करत राहिलात ना, तर काका रिटायर होतील."

समोरची थांबली. मग म्हणाली, "एकमेकींकडून आपण घेणार नाही, हे नक्की. मग परक्यांना विकू या की."

"कुठे?"

"तुझ्या शाळेत पालक सभा कधी आहे गं?"

शनिवारी होती. चाचणीचे पेपर दाखवायची. तिथे पालक दोन दोन तास रांगेत उभे असतात, उपाशी, आणि मुलांचे मार्क बघून आणखी खचलेले.

समोरचीने सूत्रं हातात घेतली आणि मी सुटले असं मला वाटलं. पण ती बाई म्हणजे एक पलटण आहे. दोन दिवसांत तिने सगळ्या मजल्यांवर फिरून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. त्यामुळे एकवीस घरांत एकदम अपराधी वाटायला लागलं आणि एकवीस घरांत गॅस पेटले. शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात पाच बाकं जोडली. प्रत्येकीने आपापला पदार्थ आणला. मी एकच अट घातली, स्टीलचा डबा पुढे मांडायचा नाही. पानांचे द्रोण आणले. नातीने मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली आणि मैत्रिणीला पाटीच्या शेजारी उभं केलं. तिला सांगितलं, आज कुणीही तोंडात काही घातलं तरी थुंकून टाक आणि किंमत ओरड.

ती ओरडली. पेपर दाखवणाऱ्या बाई काय झालं म्हणून वर्गातून बाहेर आल्या.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग आमच्या बायकांच्या लक्षात आलं की कुणाचं लवकर संपतंय. दुसऱ्या मजल्यावरचीचा ढोकळा निम्मा झाला आणि समोरचीचे शेंगोळे तसेच. झालं. समोरची खुर्चीतून उठली आणि वर्गाच्या दारात जाऊन रांगेतल्या माणसांना हाताला धरून आणायला लागली. "या, आधी खा, मग मार्क बघा. नंतर घशाखाली उतरणार नाही." तिसऱ्या मजल्यावरचीने घरी फोन करून नवऱ्याला बोलावलं. तो आला आणि तिच्याच पुरणपोळ्या तिच्याकडूनच विकत घेऊन मैदानात जाऊन खात बसला. मग बाकीच्यांनीही आपापले नवरे बोलावले. आपला पदार्थ उरून घरी न्यायची नामुष्की कुणालाच नको होती. गठ्ठ्याने पैसे पडत होते पेटीत. माझ्या वड्यांचं म्हणाल तर ते सगळ्यात आधी संपले. हे सांगायची गरज नव्हती, पण सांगते.

दुपारी गर्दी जरा ओसरली तेव्हा काका फाटकावरून आले. खाकी शर्ट, पांढरे केस तेल लावून बसवलेले. त्यांनी एक लाडू घेतला, पाटीकडे बघितलं. पाटीवर फक्त "एका चांगल्या कामासाठी" लिहिलं होतं. त्यांनी नातीला मोठ्याने विचारलं, "कोणासाठी गं जमवताय?"

नात पाटीच सरळ करायला लागली. मैत्रिणीने वेळ मारून नेली. काकांच्या कानाशी जाऊन ओरडली, "एका म्हाताऱ्यासाठी! त्यांना गरज आहे!"

"आजारी आहे का?"

"तसंच काहीतरी!"

"घरी कोणी नाही त्याला?"

"आहेत! पण ते ऐकत नाहीत!"

काकांनी मान हलवली. "बिचारा," म्हणाले, आणि खिशातून शंभराची नोट काढून पेटीत घातली. लाडू दहाचा होता. नात सुटे द्यायला लागली तर त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि फाटकाकडे निघून गेले. नात बाकाखाली बसून काहीतरी शोधायला लागली. काही पडलेलं नव्हतं, मी बघितलं.

पैसे बऱ्यापैकी जमले. कमी पडले तेवढे मुख्याध्यापक बाईंनी घातले, किती ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. दुकानात रक्कम भरली, पावती आली. दुकानदार म्हणाला, आता पेशंटला घेऊन या, कान तपासून मशीन बसवून देतो.

इथे सगळं अडलं. कारण पेशंट म्हणाला, मी पेशंट नाही.

त्यात बाईंना कार्यक्रम करायचा होता. शाल, नारळ, फोटो. फळ्यावर रंगीत खडूने "काकांचा सत्कार" लिहिलेलं काकांनी वाचलं. त्यांनी ते ओल्या फडक्याने स्वतःच पुसलं, फळा वाळेपर्यंत तिथे उभे राहिले आणि मग बाईंना म्हणाले, "बाई, मला व्यवस्थित ऐकू येतं. पोरांनी ज्या म्हाताऱ्यासाठी पैसे जमवलेत त्याला द्या. मीही त्यात शंभर घातलेत."

ते खरंच समजले नव्हते की सगळं समजून बोलत होते, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. नात घरात पाय आपटत फिरायला लागली. "आजी, मशीन दुकानात पडून आहे, आणि शाळा उघडली की काका घरी. कोणाचंच ऐकत नाहीत ते. शब्दशः."

मी चकल्या तळत होते. तळता तळता मला वाटलं, सत्कार कुणालाही नाकारता येतो. पैसेही नाकारता येतात. पण डबा? ज्या डब्यांनी वाट लावली त्यातलाच एक मी खाली काढला. तो बारशाचा होता, नातीच्याच. त्यात चकल्या, करंज्या, लाडू भरले. तळाशी कागद, कागदाखाली दुकानाची पावती.

आम्ही दोघी गोरेगावला उतरून आरे कॉलनीची बस धरली. झाडांतून बराच आत जाऊन गोठ्यांच्या मागे काकांचं घर. काकांकडे दिवाळीची पूजाबिजा नसते, पण आलेली चकली कोण परत पाठवतं? काका अंगणात पाठमोरे बसून खुर्चीच्या पायाला खिळा मारत होते. आम्ही दोघी मागून आलो, नात दोनदा "काका" म्हणाली, तरी खिळाच मारत राहिले.

दारात काकी आल्या. "या या! बसा! चहा टाकते!" इतक्या जोरात की मी दचकले. त्याच हसल्या. "माफ करा हं ताई. ह्यांच्याशी बोलून बोलून माझा आवाजच असा झालाय. शेजारच्यांना वाटतं, बाई दिवसभर भांडते. मी तर साखर किती घालू एवढंच विचारत असते."

मी डबा दिला. म्हटलं, "आजीने दिलंय, असं समजा." आणि कागदाखालचं सांगितलं. त्यांनी लाडू बाजूला करून पावती काढली, वाचली, पदराला हात पुसले आणि पुन्हा वाचली. कुणी जमवले, कसे जमवले, सगळं मी सांगितलं. काकांच्या शंभराचंही.

त्यांनी उठून काकांच्या खांद्याला हात लावला, डबा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "ताईंचा डबा आलाय! रिकामा देणार का परत?"

काका म्हणाले, "रिकामा कसा देणार?"

"मग तुम्ही नेऊन द्यायचा! आणि मशीन लावून जायचं! नाहीतर मी डबा देतच नाही, राहू दे लोकांचा डबा आपल्याकडे!"

काकांनी हातोडी खाली ठेवली. लोकांचा डबा घरात ठेवून घ्यायचा, ही कल्पना त्यांना सोसवेना असं दिसलं. पण हो म्हणाले नाहीत. चहा पिऊन आम्ही निघालो.

दिवस गेले. डबा येईना. नात रोज फळीकडे बघायची आणि मोजायची, एकवीस. शाळा सोमवारी उघडणार होती. रविवारी दुपारी मी जेवून जरा आडवी झाले, डोळा लागतोय न लागतोय तोच बेल. मी पडल्या पडल्याच पुटपुटले, अगदी स्वतःशी, "आता कोण कडमडलं या वेळेला, मेल्यांना झोप नाही."

दाराबाहेरून आवाज आला, "मीच कडमडलोय, ताई. झोपा तुम्ही, मी डबा दारात ठेवून जातो."

मी अशी उठले की गुडघ्यांनाही आठवण राहिली नाही. दार उघडलं. काका. उजव्या कानामागे मशीन, हातात डबा. मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली की कुठलं आधी दाखवू ते कळेना. मागून नात धावत आली. तिने सवयीने दोन बोटं ओठांना लावली, म्हणजे चहा घेणार का.

काका म्हणाले, "तोंडाने विचार गं. साखर कमी."

सोमवारी सेक्रेटरी आले होते म्हणे. काकांच्या पाठीमागे उभं राहून हळूच म्हणाले, "फाटक उघडा." काका न वळताच म्हणाले, "उघडंच आहे, साहेब." विजेची घंटा आली नाही. मुलांचं मात्र तेव्हापासून रडगाणं. गणिताचा तास पूर्ण होतो. शेवटच्या बाकावर काय बोललं जातं ते व्हरांड्यातून काकांना ऐकू येतं. मैत्रीण एकदा मला म्हणाली, "आजी, आपण दुसऱ्या कानाचं नाही घेतलं ते बरं झालं."

काकांनी आणलेल्या डब्यात जवसाची चटणी होती, काकींच्या हातची, महिनाभर पुरली. संपल्यावर डबा घासला तेव्हा लक्षात आलं, झाकण माझं नाही. डब्यावर नातीच्या बारशाची तारीख आणि झाकणावर भलतंच नाव, काकींच्या भावजयीचं, हे काकांना विचारल्यावर कळलं. बसतं घट्ट, पण दुसऱ्याचं. माझं झाकण आरेतच राहिलंय.

त्यांचं झाकण परत करायला हवं. नुसतं झाकण घेऊन कसं जाणार? काल रात्रीच वाटाणे भिजत घातलेत.